फ्रिज घेण्याआधी

मावशीचा फोन आला होता. म्हणाली, "अगं, ही बोनसच्या पैशांतून फ्रिज घेणार म्हणते. घरात चांगला चालता फ्रिज असताना!" मी हसले, पण तू कुठल्या फ्रिजबद्दल बोलतेयस ते माझ्या लगेच ध्यानात आलं. दहा इंची आठ स्पीकर पोटात घेतलेलं ते काळं धूड, बासवाले लाडाने ज्याला फ्रिज म्हणतात. मावशीला मी काही बोलले नाही, तिला डाळ-तांदळाच्या फ्रिजवरच राहू दे. तुझ्याशी मात्र बोलायचं आहे. पैसे तुझे आहेत, पाठ तुझी आहे, आणि तुमच्या भवानीपूरच्या घराचा तो वळणाचा जिना मी चढलेली आहे.

आधी वजन बघू. अ‍ॅम्पेग कंपनीचं हल्लीचं आठ स्पीकरवालं कॅबिनेट ६३ किलोच्या आसपास भरतं. चार फूट उंच. त्याच्यावर ठेवायचा व्हॉल्व्हवाला हेड, म्हणजे खुद्द अ‍ॅम्प, आणखी ३६ किलोचा. म्हणजे दोन्ही मिळून जवळजवळ शंभर किलो. तू किती किलोची आहेस गं? हे कॅबिनेट पिवळ्या टॅक्सीत जात नाही, अ‍ॅपवरच्या छोट्या गाडीत तर प्रश्नच नाही. प्रत्येक शोला छोटा हाथी बोलवावा लागेल, दोन माणसं लागतील, आणि मानधन हातात यायच्या आधीच संपलेलं असेल.

मला माहीत आहे हे खूळ कुठून आलं. सरावाच्या पॅडवर कुणीतरी म्हणालं असणार की बास वाजवायचा तर मागे भिंत पाहिजे. आणि त्याच दमात, "पण तुला उचलेल का?" हे दुसरं वाक्य मी माझ्या काळात इतक्यांदा ऐकलंय की ते कुठल्या सुरात येतं तेही पाठ आहे. त्या वाक्याला उत्तर म्हणून कधी काही विकत घेऊ नकोस. उचलून दाखवायचं ठरवलंस तर उचलशीलही, पण मग साउंडचेकला तुझी बोटं थरथरत असतील आणि तो गडी आरामात ट्यूनिंग करत बसलेला असेल. बासच चार किलोचा असतो, तो तीन तास खांद्याला लटकवायचा. तेवढं ओझं पाठीला पुरे आहे.

मुळात हे धूड कशासाठी जन्माला आलं ते सांगते, म्हणजे तुझं तुलाच कळेल. १५ ऑगस्ट १९६५ ला बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये वाजवत होते. समोर पंचावन्न हजारांवर माणसं, आणि त्यांच्या गिटार-बासमागे व्हॉक्सचे शंभर-शंभर वॉटचे अ‍ॅम्प. त्या काळी बाहेरचे स्पीकर, म्हणजे आपण ज्याला पीए म्हणतो, ते मुख्यतः गाणाऱ्याच्या आवाजासाठी असायचे. बासचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा तर तो बासवाल्याच्या स्वतःच्याच पेटीतून जायला हवा. म्हणून पेट्या वाढत गेल्या. १९६९ मध्ये अ‍ॅम्पेगने ३०० वॉटचा एसव्हीटी काढला आणि त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सने तो अमेरिकेच्या दौऱ्यावर नेला. फ्रिज हा त्या गरजेचा मुलगा. गरज आता बरीचशी उरलेली नाही, मुलगा मात्र अजून घरात आहे.

तुझ्या गावाचंच बघ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्रँड हॉटेलात टेडी वेदरफोर्डचा बँड वाजायचा. हा शिकागोचा पियानोवाला, १९४५ मध्ये कलकत्त्यातच वारला. त्या काळच्या नाचाच्या बँडमध्ये बास म्हणजे माणसाहून उंच असा लाकडी डबल बास, आणि त्याचं पोट हाच त्याचा अ‍ॅम्प. पुढे पार्क स्ट्रीटवर ट्रिंकाज, मोकांबो, ब्लू फॉक्स भरात आले. साठचं दशक संपताना उषा उत्थुप साडी नेसून ट्रिंकाजमध्ये गायला उभ्या राहिल्या. ती सगळी जेवणघरं. अशा खोलीत बासवाल्याला लागतो तो आवाज, काटे-चमच्यांच्या वर आणि गप्पांच्या जरा खाली. तिथे फ्रिज ठेवला असता तर वेटरला फिरायला जागा उरली नसती.

आणि जेमर्सन आठवतो ना? मोटाउनच्या गाण्यांमागचा तो बास, ज्याच्या ओळी तू महिनाभर घोटत होतीस. स्टुडिओत त्याचा बास बहुतेकदा तारेतून थेट कन्सोलला जोडलेला असायचा. ज्या आवाजाच्या मागे तू धावतेयस, त्यात बऱ्याच वेळा अ‍ॅम्प नाहीच.

आज कुठल्याही बऱ्या मंचावर हेच होतं. तुझा बास डीआय बॉक्समध्ये जातो. बासचा नाजूक, गोंगाट पटकन ओढून घेणारा सिग्नल तो बॉक्स लांबच्या केबलला झेपेल असा करून मिक्सरकडे पाठवतो. तिथून मोठे स्पीकर आणि जमिनीवरचे सबवूफर, म्हणजे सब, तो लोकांपर्यंत नेतात. नजरुल मंचसारख्या मोठ्या सभागृहात मागच्या रांगेतल्या माणसाला तुझ्या पाठीमागच्या पेटीचा काही उपयोग नाही. ती पेटी तुझ्यासाठी आहे, ड्रमरसाठी आहे. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आलं: अ‍ॅम्प लोकांना ऐकवायला घ्यायचा नसतो, स्वतःला ऐकू यायला घ्यायचा असतो. एकदा हे मान्य केलंस की किती मोठा घ्यायचा हा हिशेब एकदम बदलतो.

थोडं गणित ऐक, कंटाळू नकोस. खालच्या ई तारेचा मोकळा स्वर सेकंदाला ४१ कंपनांचा असतो. हवेत त्याची लाट आठ मीटरहून लांब. इतकी लांब लाट स्पीकरच्या फक्त पुढे जात नाही, चहूकडे पसरते. म्हणजे पीएचे सब वाजले की तुझाच बास मागून वळसा घालून मंचावर येतो, जरासा उशिरा आणि गढूळ होऊन. त्यात तू स्वतःच्या मोठ्या पेटीतून आणखी खालचा आवाज ओतलास तर मंचावर नुसता घुमारा होईल. साउंडवाला तुझा बास बाहेर कमी करेल, तुला वाटेल आपण ऐकूच येत नाही, तू आणखी वाढवशील. हा खेळ मी अनेक बँडांमध्ये पाहिलाय, त्यात जिंकताना कुणाला पाहिलं नाही.

तुला मंचावर हवी असते ती स्वराची कड. बोट तारेवर कधी पडलं, सूर बरोबर आहे की चढलाय, एवढंच. ही कड मूळ स्वराच्या वरच्या हार्मोनिकमध्ये असते, ऐंशी कंपनांपासून वर हजारच्या आसपासपर्यंत. खालचा भाग कानाला कमी मिळाला तरी मेंदू तो भरून काढतो. म्हणून बारा इंची एका स्पीकरची बरी पेटी, जरा तिरकी करून, तोंड तुझ्या कानाकडे ठेवलेली, तुला फ्रिजपेक्षा जास्त ऐकवते. पेटी जमिनीवर ठेवून दीड फुटावर उभी राहिलीस तर तिचा अर्धा आवाज तुझे गुडघे ऐकतात. आणि वॉटच्या आकड्यांनी भुलू नकोस. ३०० चे ६०० वॉट केले तर आवाज तीनच डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते.

आता तू म्हणशील, ताई, हे सगळं सभागृहाचं झालं, माचाचं काय? बरोबर आहे तुझं. माझं वरचं सगळं ज्ञान माचावर येऊन अडखळतं.

हिवाळा आला की पाड्यापाड्यांत बांबूचे माचे उभे राहतात. तुमच्यासारख्या बँडचं पोट त्याच शोजवर चालतं. तिथे डेकोरेटरने फळ्या ठोकलेल्या असतात, माइकवाल्याने दोन्ही बाजूंना स्पीकरच्या चळती लावलेल्या असतात, आणि सब कधी असतात, कधी त्यांच्या जागी मोकळी खोकी असतात. जनरेटर पंडालच्या मागे धूर काढत असतो. बाहेरचे स्पीकर खालचे स्वर पेलणारे नसतील तर बास हरवला म्हणून समज, आणि बास हरवला की ड्रम एकटा पडतो. अशा ठिकाणी मंचावरचा अ‍ॅम्प हाच तुझा सगळा आवाज. तिथे मोठा अ‍ॅम्प पाहिजे, यात मी तुझ्याशी भांडणार नाही. पण तो तुझ्या मालकीचा कशाला पाहिजे? भाड्याने घे. टेक रायडरमध्ये स्पष्ट लिही: बास अ‍ॅम्प, किमान चार दहा इंची स्पीकर, किती वॉट, किती ओहम. नुसतं 'बास अ‍ॅम्प' लिहिलंस तर कुणीतरी गिटारचा अ‍ॅम्प आणून ठेवेल आणि "एकच तो" म्हणेल. गिटारच्या पातळ कागदी कोनावर तू खालचा ई मारलास तर तो शेवटच्या गाण्यापर्यंत टिकेलच असं नाही.

माचावर पेटी थेट फळ्यांवर ठेवू नकोस. खालची पोकळी तिच्याबरोबर गुणगुणायला लागते आणि काही सूर दांडगे होतात, काही गायब. डेकोरेटरच्या दोन खुर्च्या किंवा एखादं भक्कम खोकं मागून घे, वर ठेव. आवाज कानाच्या जवळही येतो.

आणि वीज. या बाबतीत मी खरंच कडक आहे. माचावर अर्थिंगची खात्री कधी धरायची नाही. पेटी हुंकारायला लागली की कुणीतरी पुढे येतं आणि प्लगची तिसरी पिन काढून टाकतं, हुंकार जातो, सगळे खूश. तू त्याला हात लावू द्यायचा नाही. डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्ट नावाचं बटण असतं, हुंकार त्याने घालवायचा. अर्थिंग तोडून घालवायचा नाही. तू कोरसला माइकवर तोंड नेतेस. बासच्या तारांवर हात आणि ओठ माइकच्या जाळीला, मध्ये जनरेटरचा करंट, हे चित्र डोळ्यापुढे आण. एक साधा टेस्टर बॅगेत ठेव, साउंडचेकला जाळीला लावून बघ. दादा लोक हसले तर हसू दे.

पार्क स्ट्रीटच्या क्लबात वाजवायचं असेल तेव्हा यातलं काही नको. समप्लेस एल्ससारखी लहान जागा, लोक हाताच्या अंतरावर. तिथे लहान पेटी, बटण अर्ध्याच्या खाली, बास. जाझ वाजवणाऱ्यांचे अ‍ॅम्प कधी नीट बघ, बहुतेकांचे टिफिनच्या डब्याएवढे हेड असतात. क्लास डी सर्किट आल्यापासून ५०० वॉट दीड-दोन किलोत मावतात. बास पाठीला, हेड झोळीत, जतीन दास पार्कला मेट्रोत चढायचं, पार्क स्ट्रीटला उतरायचं. छोटा हाथी नाही, कुणाची मिनतवारी नाही. रात्री अकरानंतर घरी परतताना असं हलकं ओझं हे फार मोठं सुख असतं, विशेषतः आपल्याला.

हेड घेताना दोन-तीन गोष्टी बघ. अमेरिकेहून कुणी आणलेला जुना माल स्वस्त मिळतो, पण त्यातले काही फक्त १२० व्होल्टचे असतात. मागच्या बाजूला काय छापलंय ते वाचल्याशिवाय आपल्या २३० च्या भिंतीत प्लग खुपसू नकोस. दुसरं, ५०० वॉट हे बहुतेक वेळा चार ओहमला असतात. आठ ओहमची एक पेटी लावलीस तर साधारण अर्धेच मिळतात. आठच्या दोन पेट्या जोडल्या की चार होतात. भाड्याची पेटी किती ओहमची आहे हे विचारायचं ते यासाठी. आणि क्लास डी हेड स्पीकर न लावताही चालू ठेवता येतो, त्याचा डीआय आउट मिक्सरला देऊन मोकळी. व्हॉल्व्हच्या हेडचं तसं करशील तर त्याचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. तुझ्या त्या फ्रिजवरचा हेड व्हॉल्व्हचा आहे, हे लक्षात ठेव.

आता इन-इअर. कॉलेज फेस्टमध्ये, झॅवोत्सव म्हण, जादवपूरचं संस्कृती म्हण, हल्ली अर्धे बँड कानात खोचूनच येतात. ड्रमर क्लिकवर वाजवत असेल तर तुलाही तेच बरं. वायरलेस सेटची घाई नको. तू काही मंचभर धावत नाहीस. पट्ट्याला अडकवायची वायरवाली छोटी पेटी आणि कानात नीट बसणारे इअरफोन एवढ्यावर सुरुवात होते. एक कान उघडा ठेवायची सवय मात्र लावू नकोस. उघड्या कानातून गोंगाट येतो म्हणून बंद कानातला आवाज आपण नकळत वाढवत नेतो, आणि त्रास दोन्ही कानांना होतो. कलकत्त्याचं पब्लिक गातं, मला माहीत आहे. ते ऐकू आलं नाही तर काचेच्या खोलीत वाजवल्यासारखं वाटतं. त्यासाठी मंचाच्या कडेला लोकांकडे तोंड करून एक माइक लावून मागायचा आणि तो फक्त तुमच्या कानात घ्यायचा.

कानांवरून आठवलं. अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस आहे: ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास, आणि त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. ड्रमच्या शेजारी तू पंधरा मिनिटांत साउंडचेकही संपवत नाहीस. कानात शिट्टी वाजत घरी येणं याला आम्ही शो चांगला झाल्याची खूण मानायचो. तू मानू नकोस. इअरप्लग घे, संगीतवाल्यांचे, औषधाच्या दुकानातले स्पंजाचे नव्हेत. स्पंजाचे वरचे स्वर खाऊन टाकतात.

खर्चाचं विचारशील तर माझा क्रम असा असेल. पहिल्यांदा बासचा प्रीअ‍ॅम्प पेडल, डीआय असलेला. सॅन्सअ‍ॅम्प नावाने जी जात निघाली त्यातला कुठलाही बरा. तुझा स्वतःचा आवाज त्यात बसव, मग कुठल्याही मंचावर गेलीस तरी तो तुझ्याबरोबर असेल. मग दोन चांगल्या केबल, त्यानंतर कानातलं, आणि पैसे उरलेच तर हलका हेड आणि बारा इंचीची एक पेटी. लेनिन सरणीच्या किंवा फ्री स्कूल स्ट्रीटच्या बाजूच्या दुकानांत बास घेऊन जा आणि तिथेच वाजवून बघ. दुकानदार स्लॅप वाजवून दाखवेल, भुलू नकोस; तू शोमध्ये जे सगळ्यात कंटाळवाणं वाजवतेस ते वाजवून बघ.

या सगळ्याहून जास्त उपयोगी पडणारी वस्तू दुकानात मिळत नाही. साउंडवाल्याशी बोलता येणं. पोचल्याबरोबर जाऊन स्वतःचं नाव सांग, त्याचं विचार, चहा सांग. "दादा, बासचा डीआय प्री घेताय की पोस्ट?" एवढं विचारलंस की त्याला कळतं ही नुसत्या बघ्यांतली नाही. त्याला बहुतेक वेळा प्री हवा असतो, म्हणजे तू मागे बटणं फिरवलीस तरी बाहेरचा आवाज हलत नाही. मॉनिटरमध्ये स्वतःला मागण्याआधी किक ड्रम माग. बासवालीने आधी किक मागितलं की ड्रमरचाही चेहरा खुलतो.

घरी मात्र अ‍ॅम्प नकोच. हेडफोन लाव. खालचे स्वर भिंतीतून जातात, वरच्या मजल्यावरच्या काकूंना तुझं गाणं ऐकू येणार नाही, नुसता धडधडाट ऐकू येईल, आणि माध्यमिक-उच्च माध्यमिकच्या परीक्षा जवळ आल्या की माइकवर बंदी घालणाऱ्या या राज्यात त्यांच्या तक्रारीला वजन असतं. रात्री दहानंतर तर ध्वनीचे नियम देशभर आहेतच. १७४२ साली आपल्या बर्गींच्या, म्हणजे मराठा घोडेस्वारांच्या, धास्तीने या शहराने भोवती खंदक खणायला घेतला होता. बंगाली आया अजून त्याच भीतीवर पोरं झोपवतात. निदान तू तरी त्यांना उठवू नकोस.

आणि फोटोचं म्हणशील, तर ते मला कळतं. मागे ती भिंत असली की फोटोत वजन येतं. रशचा गेडी ली आठवतो? त्याचा बास थेट पीएला जायला लागल्यावर मंचावर त्याच्या बाजूला रिकामी जागा दिसायला लागली. २००२ च्या दौऱ्यात त्याने तिथे कपडे वाळवायची यंत्रं ठेवली, आणि २००७ मध्ये कोंबड्या भाजायच्या भट्ट्या. आत कोंबड्या फिरतायत, पुढे हा वाजवतोय. लोकांना बास व्यवस्थित ऐकू येत होता. तुला मागे काही हवंच असेल तर एखाद्या मोठ्या शोला फ्रिज भाड्याने आणू, त्याच्यापुढे उभी राहा, हवे तेवढे फोटो काढ.

सध्या बोनस बँकेत राहू दे. शनिवारचा शो बेहालाला माचावर आहे ना? उद्याच त्या माइकवाल्याला फोन कर. सब किती आणि कुठल्या मापाचे, डीआय बॉक्स त्याच्याकडे आहे का, जनरेटर किती केव्हीएचा, आणि बासला जी पेटी देणार तिच्या पाठीवरच्या पट्टीचा फोटो पाठवायला सांग. तो फोटो आला की मला पुढे ढकल. ओहम बघून सांगते भाड्याने काय घ्यायचं ते.